अदृश्य बाजाराची दृश्य टोके

मार्च २०२५ मध्ये खानापूर तालुक्यातील एका वृद्ध दांपत्याने आपले जीवन संपवले. दिल्लीहून बोलत असल्याची बतावणी करणाऱ्यांनी त्यांना फोनवरून ‘डिजिटल अटके’चा धाक घातला होता. पन्नास लाखांहून अधिक रक्कम उकळल्यावरही मागण्या थांबत नव्हत्या. गोव्यातून बेळगाव किंवा हुबळीकडे जाणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा तो मुलूख आहे आणि तिथल्या अनेक घरांशी गोमंतकीयांची सोयरीक आहे. बातमी वाचून आपण हळहळलो. पण अशा प्रत्येक घटनेनंतर एक प्रश्न मागे उरतो. हे पैसे पहिल्यांदा ज्या बँक खात्यांत जमा होतात ती खाती कोणाची असतात, आणि ठगांना ती मिळतात कुठून?

उत्तर साधे आहे आणि म्हणूनच अस्वस्थ करणारे आहे. ती विकत मिळतात. पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेले सिमकार्ड यांचा एकत्रित संच हा आज इंटरनेटवरील बेकायदेशीर बाजारातला नेहमीचा माल आहे. ज्या बाजारात एलएसडीचे कागदी तुकडे आणि हायड्रोपोनिक गांजा विकला जातो, त्याच बाजाराच्या शेजारच्या गाळ्यात चोरलेली आधार माहिती आणि भाड्याने दिलेली बँक खाती मांडलेली असतात. अमली पदार्थ, पैसा आणि माहिती यांचा हा एकच बाजार आहे. आपली पोलीस यंत्रणा मात्र त्याच्याकडे तीन वेगवेगळ्या खिडक्यांतून पाहते. हुबळी-धारवाडने या बाबतीत एक वेगळी वाट धरली आहे. तिचे गुणदोष गोव्याने तपासून पाहण्यासारखे आहेत.

विश्वासाची विक्री

हा बाजार चालतो कसा, हे समजण्यासाठी हुबळीच्याच एका जुन्या बाजाराचे उदाहरण घेता येईल. अमरगोळच्या कृषी बाजार समितीत शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये अडत्या उभा असतो. दोघे एकमेकांना ओळखत नसले तरी अडत्याला ओळखतात, आणि त्याच्या शब्दावर व्यवहार पार पडतो. बेकायदेशीर ऑनलाइन बाजाराचा चालक नेमके हेच काम करतो. ग्राहकाने भरलेले आभासी चलन त्याच्याकडे अडकून राहते. माल पोचल्याची कबुली मिळाली की ते विक्रेत्याला दिले जाते आणि चालक आपली दलाली कापून घेतो. विक्रेत्याला ग्राहक गुण देतात, तक्रारी लिहितात; तंटा झाला तर चालक निवाडा करतो. जिथे फसवणूक झाली म्हणून पोलिसांत जाता येत नाही, तिथे विश्वास हाच सर्वांत महाग माल ठरतो, आणि चालक तोच विकत असतो.

या पद्धतीचा पहिला मोठा प्रयोग म्हणजे फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झालेला ‘सिल्क रोड’. वापरकर्त्याचा माग पुसणारे ‘टॉर’ जाळे आणि बिटकॉइन हे नवे चलन यांची त्याने सांगड घातली. अमेरिकी तपास यंत्रणेने ऑक्टोबर २०१३ मध्ये तो बंद पाडला. त्याची जागा इतरांनी घेतली, त्यांतला ‘अल्फाबे’ आकाराने सिल्क रोडहून कितीतरी मोठा झाला. रशियन भाषकांसाठीचा ‘हायड्रा’ एप्रिल २०२२ मध्ये जर्मन पोलिसांनी बंद केला, तेव्हा त्याचे सर्व्हर जर्मनीतच सापडले आणि सुमारे दोन कोटी तीस लाख युरो किमतीची बिटकॉइन नाणी जप्त झाली.

गेल्या काही वर्षांत या बाजाराने आपला पत्ता बदलला आहे. डार्क वेबवर जाण्यासाठी थोडेफार तांत्रिक ज्ञान लागते; टेलिग्रामसाठी फक्त मोबाइल पुरतो. चिनी भाषेत चालणारा ‘हुइओने गॅरंटी’ हा टेलिग्रामवरील बाजार याचे ठळक उदाहरण होय. कंबोडियातील एका उद्योगसमूहाशी जोडलेल्या या बाजारात काळ्या पैशाची धुलाई करणारे, लोकांची खासगी माहिती विकणारे आणि ऑनलाइन फसवणुकीच्या तळांना साहित्य पुरवणारे व्यापारी उघडपणे जाहिराती देत. त्या तळांवर कोंडून ठेवलेल्या माणसांसाठी लागणाऱ्या बेड्यासुद्धा तिथे विक्रीस होत्या. आभासी चलनाचा माग काढणाऱ्या ‘एलिप्टिक’ या संस्थेच्या अंदाजानुसार तिथली उलाढाल अब्जावधी डॉलरची होती. मे २०२५ मध्ये टेलिग्रामने या बाजाराच्या वाहिन्या बंद केल्या. त्यातले बरेच व्यापारी थोड्याच दिवसांत दुसऱ्या नावाच्या बाजारात जाऊन बसले.

एक दुकान बंद केले की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते, हा अनुभव नवा नाही. नेदरलँड्सच्या पोलिसांनी २०१७ मध्ये त्याचाच फायदा उठवला. त्यांनी ‘हान्सा’ नावाचा बाजार गुपचूप ताब्यात घेतला आणि सुमारे महिनाभर स्वतःच चालवला. त्याच काळात अमेरिकेने ‘अल्फाबे’ बंद पाडला. तिथून पळालेले हजारो विक्रेते आणि ग्राहक थेट पोलिसांच्याच दुकानात आले व आपले पत्ते देऊन बसले.

जमिनीला टेकलेले पाऊल

या सगळ्या कारवायांतून एक गोष्ट ठळकपणे दिसते. गणिती कूटलेखन फोडून क्वचितच कोणी पकडले गेले आहे. सिल्क रोडचा चालक सापडला तो सुरुवातीच्या काळात आपल्या खऱ्या ईमेल पत्त्याचा माग सोडून गेल्यामुळे. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक वाचनालयात त्याचा उघडा संगणक हातातून काढून घेण्यात आला. अल्फाबेच्या चालकाने नव्या सदस्यांना पाठवलेल्या स्वागतपत्रांत त्याचा जुना खासगी ईमेल पत्ता राहून गेला होता. म्हणजे बाजार कितीही हवेत असला, तरी त्याचे पाऊल कुठेतरी जमिनीला टेकतेच. भारतात ते प्रामुख्याने दोन ठिकाणी टेकते. पहिले टपाल किंवा कुरिअरचे पार्सल, दुसरे बँक खाते.

अमली पदार्थ नियंत्रण विभागाने, म्हणजे एनसीबीने, जून २०२३ मध्ये ‘झम्बाडा’ नावाने चालणारी टोळी उघडकीस आणली. त्या वेळी एलएसडीचे सुमारे १५ हजार ब्लॉट हाती लागले. टपाल तिकिटाएवढा कागदाचा तुकडा शुभेच्छापत्रात घालून पाठवला तर त्याला वास येत नाही, वजन भरत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र ०.१ ग्रॅम एलएसडी हे व्यापारी प्रमाण ठरते आणि त्यासाठी किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. जुलै २०२५ मध्ये केरळात उघड झालेल्या ‘केटामेलॉन’ प्रकरणात तपासाचा धागा मिळाला तो तीन टपाली पार्सलांतील २८० ब्लॉटमधून. पुढच्या झडतीत आणखी साठा, केटामाइन आणि सुमारे ७० लाख रुपये किमतीचे आभासी चलन सापडले. डार्क वेबवरील हा नामांकित विक्रेता अखेर टपाल कचेरीच्या मेजावरून पकडला गेला.

हुबळी-धारवाडचा संबंध येतो तो इथे. २०११ च्या जनगणनेनुसार नऊ लाख चाळीस हजारांहून अधिक वस्ती असलेले हे जोडशहर नैऋत्य रेल्वेचे मुख्यालय आहे. मुंबई-बेंगळुरू महामार्ग, गदग-बळ्ळारीकडे जाणारी वाट आणि कॅसल रॉकमार्गे वास्कोला येणारा लोहमार्ग इथे एकत्र येतात. कर्नाटक विद्यापीठ, कृषी विद्यापीठ, आयआयटी आणि अनेक व्यावसायिक महाविद्यालये यांमुळे धारवाड विद्यार्थ्यांचे गाव आहे. गिऱ्हाईक, वाहतूक आणि अल्पशा रकमेसाठी स्वतःचे खाते भाड्याने द्यायला तयार होईल असा गरजू तरुण वर्ग, या तिन्ही गोष्टी अशा शहरात असतात. २०२४ मध्ये तिथल्या पोलिसांनी अमली पदार्थांच्या सेवनाचा संशय असलेल्या शेकडो तरुणांना बोलावून त्यांच्या वैद्यकीय चाचण्या केल्या. या मोहिमेने पालक जागे झाले, हे खरे. परंतु ती मागणीच्या टोकाला केलेली कारवाई होती. दूर कुठेतरी बसलेल्या विक्रेत्याचे त्यात फक्त एक शहर काही काळ थंडावते.

एक ठाणे की तीन?

कर्नाटकाने २००१ मध्ये बेंगळुरू येथे देशातील पहिले सायबर पोलीस ठाणे सुरू केले. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत ‘सीईएन’ ठाणी उभी राहिली. सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थविषयक गुन्हे ही तिन्ही कामे एकाच ठाण्याकडे देणारी ही रचना आहे. हुबळी-धारवाड पोलीस आयुक्तालयातही असे सीईएन ठाणे आहे. गोव्यात हीच कामे तीन ठिकाणी विभागलेली आहेत. रायबंदरला सायबर गुन्हे विभाग, शिवाय अमली पदार्थविरोधी पथक वेगळे आणि आर्थिक गुन्हे कक्ष वेगळा.

कागदावर पाहता हुबळीची रचना या बाजाराच्या स्वभावाला अधिक जुळणारी आहे. पार्सलात गांजा सापडला तर तो अमली पदार्थांचा गुन्हा. त्याचे पैसे भाड्याच्या खात्यातून गेले तर तो आर्थिक गुन्हा. मागणी टेलिग्रामवर नोंदवली असेल तर तो सायबर गुन्हा. एकाच कपाटात तिन्ही फाइली असतील, तर एका प्रकरणात आलेला मोबाइल क्रमांक दुसऱ्या प्रकरणातही दिसतो आहे, हे कोणाच्या तरी लक्षात येण्याची शक्यता असते. तीन कार्यालयांत विखुरलेल्या फाइलींत तोच क्रमांक तीन वेळा येऊनही तिघांना परका राहू शकतो.

प्रत्यक्षात या रचनेवरचा ताणही तितकाच मोठा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार त्या कायद्याखालील गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यालाच करता येतो. एका ठाण्यात निरीक्षक मोजकेच, आणि तक्रारी ओटीपीच्या फसवणुकीपासून गुंतवणुकीच्या कोट्यवधींच्या घोटाळ्यापर्यंत. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात देशातील नागरिकांनी सायबर ठगांच्या हाती २२,८४५ कोटी रुपये गमावले; आदल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता. ज्या ठाण्यात रोज असे फिर्यादी रांगेत उभे असतात, तिथे महिनोन्महिने संयमाने एखाद्या विक्रेत्याचा माग काढायला सवड कोणाला? २०२५ मध्ये कर्नाटकाने पोलीस महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली स्वतंत्र सायबर कमांड स्थापन केले, त्यामागे हाच अनुभव आहे.

पुराव्याची ठेच

पकडणे ही निम्मी लढाई. न्यायालयात टिकणे ही उरलेली निम्मी, आणि तिथे कर्नाटकाला लागलेली ठेच सर्वांसाठी धडा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये बेंगळुरू पोलिसांनी अमली पदार्थांच्या एका टपाली पार्सलाचा माग काढत एका तरुण हॅकरला अटक केली. डार्क वेबवर बिटकॉइन मोजून माल मागवल्याचा आरोप होता. चौकशीत शासनाच्या ई-निविदा संकेतस्थळावरील चोरीसह कितीतरी प्रकरणे पुढे आली. जानेवारी २०२१ मध्ये पोलिसांनी सुमारे नऊ कोटी रुपये किमतीची ३१ बिटकॉइन नाणी जप्त केल्याचे जाहीर केले. पुढे असे निष्पन्न झाले, की दाखवलेले ते खाते आरोपीच्या ताब्यातलेच नव्हते आणि नाणी पोलिसांच्या हाती कधी आलीच नव्हती. प्रकरण राजकीय वादळ बनले. २०२३ मध्ये विशेष तपास पथक नेमले गेले, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्या पथकाने मूळ तपासाशी संबंधित एक पोलीस निरीक्षक आणि एक खासगी सायबर तज्ज्ञ यांनाच अटक केली. त्यांच्यावरील आरोपांचा निवाडा न्यायालय करील. आभासी चलन जप्त करणे म्हणजे पंचनामा करून पेटीला सील ठोकणे नव्हे, त्याची गुप्त किल्ली आपल्या खात्यात आणणे होय, एवढे मात्र त्यातून देशाला कळले.

डिजिटल पुराव्याच्या प्रमाणपत्राचेही तसेच. जालन्याच्या एका निवडणूक वादातून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करताना कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र सक्तीचे आहे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही अट आज आणखी तपशीलवार आली आहे. टेलिग्रामवरील संभाषणाचे नुसते छायाचित्र काढून आरोपपत्राला जोडणारा अंमलदार हा सगळा खटलाच पाण्यात घालू शकतो.

कायद्याने दिलेली काही साधनेही स्थानिक पोलिसांच्या हातापासून दूर आहेत. संशयित पार्सल न अडवता त्याच्यावर नजर ठेवून ते घेणाऱ्यापर्यंत जाऊ देणे, म्हणजे ‘नियंत्रित वितरण’, ही अशा तपासाची सर्वांत उपयुक्त पद्धत. अमली पदार्थ कायद्याच्या कलम ५०-अ नुसार ती परवानगी एनसीबीच्या महासंचालकांना किंवा त्यांनी अधिकृत केलेल्या अधिकाऱ्यांना आहे. हुबळीच्या कुरिअर गोदामात पार्सल दिसले आणि घेणारा हणजुणेला असला, तर दोन राज्यांचे पोलीस आणि एक केंद्रीय यंत्रणा यांचे पार्सल हलण्याआधी एकमत व्हावे लागते. ते झाले नाही, तर गोदामातला हमाल पकडला जातो आणि मालक निसटतो.

निरपराधांची बाजू

कडक उपायांचा आग्रह धरताना दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. फसवणुकीची रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरत जाते आणि तिच्या वाटेत आलेली सगळी खाती गोठवली जातात. बेळगावहून गोव्याला भाजी पाठवणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाने दिलेल्या दोन हजार रुपयांचा उगम कुठे तरी ठगाच्या खात्यात असेल, तर त्याचे संपूर्ण खाते दूरच्या एखाद्या राज्यातील पोलिसांच्या पत्राने बंद पडू शकते. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा प्रकरणांत वादग्रस्त रकमेपुरतीच बंदी ठेवण्याचा मार्ग दाखवला. तो सर्वत्र नियम म्हणून रुजायला हवा.

तंत्रज्ञानालाच गुन्हेगार ठरवण्याचा मोहही टाळलेला बरा. टॉर जाळ्याचा वापर पत्रकार आणि दडपशाहीखालचे नागरिकही करतात. एप्रिल २०२२ मध्ये ‘सर्ट-इन’ने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे ठेवण्याचा आदेश दिला, तेव्हा काही मोठ्या कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून हलवले. सेवा चालू राहिली आणि ज्या नोंदींसाठी आदेश काढला, त्या आपल्या हद्दीबाहेर गेल्या.

गोव्याने काय घ्यावे

१ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल अटकेच्या प्रकरणांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला. भाड्याची खाती उघडण्यात बँक कर्मचाऱ्यांचा हात असेल तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली त्यांचीही चौकशी करण्याची मोकळीक त्या विभागाला दिली. कर्नाटकाने सप्टेंबर २०२४ मध्ये या विभागाला दिलेली सर्वसाधारण संमती काढून घेतली होती. अशा राज्यांनी या प्रकरणांपुरती संमती द्यावी, असेही न्यायालयाने सांगितले. बाजाराचे पाऊल जिथे टेकते त्या बँकेच्या खिडकीकडे प्रथमच इतक्या स्पष्टपणे बोट दाखवले गेले आहे. रिझर्व्ह बँकेच्या नवोन्मेष केंद्राने अशी खाती हुडकण्यासाठी ‘म्यूलहंटर’ ही संगणक प्रणाली तयार केली आहे. सहकारी बँका आणि पतसंस्थांपर्यंत ती पोचणे हे पुढचे काम.

गोव्यासारख्या छोट्या राज्याला नवी ठाणी बांधण्यापेक्षा असलेल्या तीन कार्यालयांमधल्या भिंती पाडणे अधिक सोपे आणि स्वस्त आहे. मोबाइल क्रमांक, खाते क्रमांक, आभासी चलनाचा पत्ता आणि पार्सलाचा क्रमांक या चार गोष्टी तिन्ही विभागांच्या प्रत्येक गुन्ह्यात एकाच नोंदवहीत चढल्या पाहिजेत. तीच नोंदवही बेळगाव आणि हुबळी-धारवाडच्या आयुक्तालयांशी जोडता येईल. न्यायसाहाय्यक विज्ञान विद्यापीठाचे एक संकुल फोंड्याजवळ कुर्टीत आहे आणि दुसऱ्याची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये धारवाडला झाली. दोन्हीकडच्या हवालदारांना आणि निरीक्षकांना एकाच वर्गात बसवून जप्तीची पद्धत शिकवली, तर न्यायालयात ठेच कमी लागेल. म्हादईच्या पाण्यावरून दोन राज्यांचे भांडण चालू राहील. पोलिसांची ओळख वाढायला त्याची आडकाठी असू नये.

नागरिकांनाही एक गोष्ट लक्षात ठेवता येईल. फसवणूक झाल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर केलेला फोन पहिल्या काही तासांत पैसे अडवू शकतो. दुसऱ्या दिवशी ते देशाबाहेर गेलेले असतात. कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही गोष्ट नाही, हेही घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगून ठेवावे. आणि महिन्याला चार-पाच हजार मिळतात म्हणून स्वतःचे खाते दुसऱ्याला वापरू देणाऱ्या तरुणाला कोणीतरी स्पष्ट सांगितले पाहिजे, की त्या खात्यात उद्या येणारी रक्कम कोणा म्हाताऱ्या माणसाची आयुष्यभराची पुंजी असू शकते. खानापूरच्या त्या घरातून निघालेले पैसेही अशाच कोणाच्या तरी नावावरच्या खात्यात पहिल्यांदा उतरले असतील. बाजाराचा मालक परदेशात असेल. ते खाते मात्र इथेच, आपल्यातल्याच एखाद्या बँकेच्या शाखेत उघडले जाते.